चित्राखालची पट्टी

मंगळवार, ४ मार्च

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. ‘प्रकृतीची काळजी घ्या, काही लागलं तर कळवा,’ असं तुम्ही लिहिलंय. लागलंय, म्हणून कळवते.

नगरपालिकेची नोटीस आली आहे. आपलं फ्रेमचं दुकान, मागचा कारखाना आणि वरच्या माझ्या दोन खोल्या, हे सगळं म्हणे एका जुन्या सार्वजनिक बागेवर उभं आहे. शहराच्या स्थापनेचा मोठा वाढदिवस येतोय आणि त्यानिमित्त ती बाग ‘पूर्ववत’ करायची आहे. माझी हरकत असेल तर अठ्ठावीस तारखेला समितीपुढे येऊन सांगावी. नसेल तर सामान आवरायला घ्यावं.

पुरावा काय, तर आपल्याच भिंतीवरचं चित्र! तुमच्या दादांनी, हे गेले त्याच्या आदल्या वर्षी, मोठ्या हौसेने ते प्रदर्शनाला दिलं होतं. तिथे कोणीतरी त्याचा फोटो काढला. आता ते चित्र कॅलेंडरवर आहे, पिशव्यांवर आहे, पालिकेच्या जिन्यात आहे. भाजी आणायला जाते तर समोरच्या बाईच्या खांद्यावर माझं घर पाडायचा पुरावा लटकत असतो.

चित्रावरून कोणी घर पाडतं का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडचे जागेचे कागद मामंजींच्या वडिलांपासूनचे आहेत. त्याआधीचं पालिकेचं दप्तर आगीत गेलं. तेव्हा त्याआधी इथे काय होतं हे सांगायला ते चित्र एवढंच उरलंय. आणि चित्रात आपल्या कारखान्याच्या जागी गोल बाग आहे. मधे कारंजं, भोवती वाट, वाटेवर छत्र्या घेतलेल्या मुंगीएवढ्या बायका. कारंज्याच्या वर एक बारीक तारा. माशी बसून गेल्यासारखा.

त्या ताऱ्यावर सगळं अडलंय. दगडावर काढून छापलेली अशी शहरांची चित्रं कशी व्हायची याबद्दल मी बरंच वाचलंय. दुपारी दुकानात माणूस नसतं तेव्हा दुसरं करायचं काय? आकाशातून पाहिल्यासारखं शहर काढणारा तो माणूस कधी उडालेला नसायचा. महिनोन् महिने गल्ल्या पायांनी तुडवायचा, खिडक्या मोजायचा आणि मग खोलीत बसून आपण पक्षी आहोत असं समजायचा. शिवाय चित्रं शहरातल्याच लोकांना विकायची असायची. म्हणून बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्यातूनही धूर काढायचा आणि कारभाऱ्यांनी नुसती मंजूर केलेली कामं झाली म्हणून काढायचा. आपला चित्रकार त्यातल्या त्यात प्रामाणिक होता. न झालेल्या कामांवर त्याने तारा काढला आणि ताऱ्याचा अर्थ चित्राखालच्या पट्टीत छापला.

ती पट्टी आपल्या चित्राला नाही. का नाही ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

ताऱ्याचा अर्थ मला तुमच्या दादांनी सांगितला होता. तो मी पालिकेत सांगितला तर कारकून म्हणाला, ‘बाई, हे ऐकीव झालं. पट्टी डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा.’ दुसरी प्रत कुठे सापडत नाही, तीन संग्रहालयांना विचारून झालं. छापायचा दगड तर तेव्हाच घासून दुसऱ्या चित्राला वापरला असणार, तशीच रीत होती. राहता राहिला पट्टी पाहिलेला माणूस. तो जिवंत असा एकच आहे आणि तो तुमच्या शहरात चष्म्याच्या दुकानात बसतो.

अठ्ठावीसला या. एवढंच मागते आहे.

वहिनी


मंगळवार, ११ मार्च

भाऊजी,

तुमचं तीन पानी पत्र आलं. त्यात मी चांगला वकील पाहावा असं आहे. मी आता एखाद्या छोट्या, आटोपशीर जागेत राहायला जाणं बरं नव्हे का, असं आहे. तुमच्या दुकानात डोळे तपासायचं नवीन यंत्र आलंय, त्याचं जवळजवळ एक पान आहे. आणि चित्राबद्दल एक ओळ आहे: ‘आपण कोणत्या चित्राबद्दल म्हणता? आपल्याकडे बरीच होती.’

भाऊजी, आपल्याकडे एकच होतं. बाकीच्या शहरांची तुमच्या दादांनी नंतर जमवली. त्या शहरांनी मला नोटीस दिलेली नाही.

इतक्या लांब बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथे काय चाललंय ते ऐका. काल समितीचे अध्यक्ष स्वतः आले. मी त्यांना मनात बागवाले साहेब म्हणते, कारण त्यांना दुसरा विषय नाही. आले ते थेट चित्रापुढे जाऊन उभे राहिले. नाक काचेला लावलं. काच मी नुकतीच पुसली होती.

“काय बारकावा आहे हो! आम्ही पडताळून पाहिलं, तुमच्या गल्लीतली एकूण एक खिडकी खरी आहे.”

“खिडक्या खऱ्या आहेत,” मी म्हटलं. “बाग खोटी आहे.”

“असं कसं होईल? जो माणूस खिडक्या मोजतो तो बाग मनाने काढेल?”

“मग हाच तारा असलेला, नदीवरचा हा खालचा पूल पाहा. आहे का आज?”

“पुरात वाहून गेला असेल.”

“आणि हे घुमटाचं नाट्यगृह? तेही वाहून गेलं? टेकडीवर आहे ते.”

ते खळखळून हसले. “बाई, तुम्ही बोलता फार मजेशीर!”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस उद्धट असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण हे साहेब भले आहेत आणि त्याचाच मला वैताग येतो. जाताना हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या यजमानांमुळे हे चित्र शहराला कळलं. बागेत त्यांच्या नावाचा एक बाक ठेवायचा माझा विचार आहे. तुम्हाला कुठे आवडेल?” म्हणजे माझं स्वयंपाकघर पाडायचं आणि तिथे माझ्या नवऱ्याच्या नावाचा बाक ठेवायचा. आणि मी त्यावर जाऊन बसायचं!

शेजारच्या कुलूपवाल्याने तोडगा सांगितला. “वहिनी, तुम्ही आतून कडी घाला, मी बाहेरून माझं मोठं कुलूप ठोकतो. बघू कोण उघडतंय.” म्हटलं, “आणि मी खाऊ काय?” तर म्हणतो, “त्याचा विचार नाही केला.” निदान तो विनोद करतो. तुम्ही तेवढंही करत नाही.

तारा पाहिलात, पट्टी पाहिलीत, त्यावर काय छापलं होतं ते येऊन सांगायचं. दहा मिनिटांचं काम आहे. येताय का नाही?

वहिनी


गुरुवार, २० मार्च

भाऊजी,

‘मी तेव्हा लहान होतो, नीटसं आठवत नाही.’ तुमचं हे वाक्य वाचलं आणि पत्र पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवलं. हातात राहिलं असतं तर फाडलं असतं.

लहान म्हणजे चौदा वर्षांचे. चौदाव्या वर्षी तुम्ही चौकटींच्या लाकडी पट्ट्यांचे कोपरे कापत होतात आणि ‘धाकट्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे’ असं मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. तुम्हाला आठवत नसेल तर मी सांगते. मी तेव्हा या घरात आले नव्हते, पण लग्नाच्या पहिल्या वर्षी मी यांना विचारलं होतं, तुम्ही फक्त मापं का घेता, कापत का नाही. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. रागाने नाही. सरस ढवळत होते, ढवळता ढवळता सांगितलं.

पाडलेल्या एका बंगल्यातून मामंजींना कोरीव लाकडाची लांब पट्टी मिळाली होती. द्राक्षांच्या वेलीचं काम. तसं कोरणारा माणूस उरला नव्हता, त्यामुळे पुन्हा मिळणार नव्हती. ती त्यांनी या चित्राच्या चौकटीसाठी राखून ठेवली होती. ते परगावी गेले असताना तुम्ही दोघा भावांनी त्यांना चकित करायचं ठरवलं. दादांनी मापं घ्यायची, तुम्ही कापायचं. दोन कोपरे झाले. तिसऱ्याला तुमचा काप उलटा पडला. पंचेचाळीस अंशांचाच, पण तिरपा भलत्या बाजूला. या धंद्यात हे प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होतं. मीही केलंय. साधी पट्टी असली की एक शिवी द्यायची आणि दुसरी घ्यायची. इथे दुसरी नव्हती. काप सरळ करून घेतला तर चौकटीची उभी बाजू दोन बोटं आखूड होत होती.

दुसऱ्या कोणाच्या घरात पोरं रडत बसली असती. आपल्या घरातल्या पोराने काटकोनाचा गुण्या लावला, सुरी घेतली आणि चित्राखालची दोन बोटं छापील पट्टी कापून टाकली. दादा सरस आणायला गेले होते, येईपर्यंत झालं होतं. चित्र चौकटीत चपखल बसलं. लाकूड कमी पडलं म्हणून शहर कापलं! हे फ्रेमवाल्याच्या पोरालाच सुचू शकतं.

मामंजी आले, बघून खूश झाले. तुमच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहिलं. कितीतरी दिवसांनी एका गिऱ्हाइकाला ताऱ्यांची गंमत दाखवायला ते चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांचं बोट खाली येऊन थांबलं.

“खालची ओळ कुठाय?”

तुम्ही काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीमागे होतात. दादांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. मग दादा म्हणाले, “मी कापली.”

मामंजींनी मारलं नाही. “तू आता फक्त मापं घ्यायची,” म्हणाले आणि दादांच्या हातून सुरी काढून घेतली. ती स्वतः मरेपर्यंत परत दिली नाही. फ्रेमच्या दुकानातला थोरला मुलगा आणि त्याला कापायची बंदी! नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, यांच्या हातात काही दोष आहे. मला विचारायचे लोक, हळूच, की कधीपासून आहे. हे माप घ्यायचे आणि मोठ्याने दोनदा म्हणायचे, पलीकडे कापणाऱ्या मामंजींना नीट ऐकू जावं म्हणून. मामंजी गेल्यावर स्वतः कापायला लागले तरी मोठ्यानेच म्हणायचे. मी म्हणायचे, “आता कोणाला सांगताय?” तर म्हणायचे, “जीभ ऐकत नाही.” आता कारखान्यात मी एकटी असते आणि माप घेतलं की मीही मोठ्याने म्हणते. एकदा माझ्यासाठी आणि एकदा उगाच.

खरं का सांगितलं नाहीत, असंही मी विचारलं होतं. “अगं, तेव्हा त्याचं कौतुक चाललं होतं. अप्पांकडून कौतुक मिळायचं म्हणजे काय, तुला नाही कळायचं,” एवढंच म्हणाले. तुम्ही ते कौतुक घेऊन विसाव्या वर्षी घर सोडून गेलात. नंतर नोकरी, नंतर संसार, नंतर रजा मिळत नाही. हे गेले तेव्हाही रजा मिळाली नाही, फुलं मिळाली. चांगली होती फुलं.

मी जाब विचारत नाहीये. विचारायचा असता तर इतकी वर्षं थांबले नसते. पट्टी फेकण्याआधी तुम्ही वाचलीत, एवढं मला यांनी सांगितलंय. ‘तो ती हातात धरून वाचत बसला होता’ हे त्यांचे शब्द. काय वाचलंत ते येऊन सांगा. बाकीचं तुम्हाला कोणी विचारणार नाही.

वहिनी


सोमवार, २४ मार्च

भाऊजी,

तुम्ही येताय हे मला कुलूपवाल्याकडून कळलं. माझ्याकडे फोन असताना तुम्ही त्याच्या दुकानात फोन केलात. तो धावत आला, त्याला वाटलं कोणीतरी गेलं. यापुढे चांगली बातमी थेट मला सांगत जा, मी घाबरत नाही.

गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने या. स्टेशनचं पुढचं दार बंद आहे, मागच्या जिन्याने उतरा. वरच्या खोलीत तुमची गादी घालते. खायचं काही आणू नका, मला काही भेट आणू नका, नवीन चष्मा तर मुळीच नको, माझा चांगला आहे.

आणि भाऊजी, बरं वाटलं. वाकडं बोलायच्या सवयीत हे लिहायचं राहून जाईल, म्हणून लिहिते.

वहिनी


रविवार, ३० मार्च

भाऊजी,

समितीपुढे उभे होतात तेव्हा तुम्ही सगळा वेळ जमिनीकडे पाहत होतात. तेव्हा तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

साहेबांनी विचारलं, पट्टीवर काय होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, अमुक अशा अर्थाचं काहीतरी होतं. तुम्ही शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलंत: “ज्या कामांवर तारा आहे ती मंजूर असून अद्याप झालेली नाहीत, नागरिकांच्या उत्साहाने ती लवकरच उभी राहोत. तारा पहिला, घुमटाचे नाट्यगृह. तारा दुसरा, खालचा पूल. तारा तिसरा, गोल बाग.” मग छापखान्याचं नाव सांगितलंत. मग म्हणालात, “‘उत्साहाने’वर शाईचा डाग होता.” लिहून घेणारा कारकून लिहायचा थांबला आणि तुमच्याकडे पाहत राहिला. पालिकेचे इंजिनिअर पुढे वाकून म्हणाले, “साहेब, त्या पुलाचा पाया आम्हाला नदीत कधी सापडलाच नव्हता. एक दगड नाही. आता कळलं.” तिथे सगळं फिरलं. बागवाले साहेबांचा चेहरा सहल रद्द झालेल्या मुलासारखा झाला.

मी पुलाचं ऐकतच नव्हते. मनात म्हणत होते, या माणसाने हे सगळं आयुष्यभर तोंडपाठ ठेवलंय. शाईच्या डागासकट. अधूनमधून स्वतःशी म्हटल्याशिवाय असं पाठ राहत नाही. तुम्ही तिकडे चष्मे विकत होतात आणि आत ही पट्टी वाचत होतात. त्या क्षणी तुमच्यावरचा माझा राग गेला. खरंच गेला होता.

मग साहेबांनी फाइल बांधता बांधता सहज विचारलं, “पण इतकी मोलाची पट्टी कापली कुणी?”

“थोरल्या भावाने,” तुम्ही म्हणालात.

मी उठले होते, तुम्हाला दिसलं नाही. तोंडही उघडलं होतं. पण हा माणूस खोटं बोलतोय असं मी म्हटलं असतं, तर पट्टीवरचं तरी खरं कशावरून, असं त्यांनी विचारलं असतं. वरच्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी खाली बसले आणि मूग गिळून राहिले. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “गाडीची वेळ झाली.” गाडीला भरपूर वेळ होता. दुकानात चहा करून ठेवला होता, तो कुलूपवाल्याने दोन्ही कप प्यायला.

निकालाचा कागद काल हातात आला. बाग रद्द. घर राहिलं. मी तुमची आभारी आहे, हे लिहिणं भाग आहे आणि लिहिताना हात जड होतोय.

जिवंतपणी यांनी तुमच्यासाठी ते अंगावर घेतलं, तो त्यांचा निर्णय होता. ते गेल्यावर तुम्ही ते पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकलंत, तेव्हा त्यांना कोणी विचारलं? आता पालिकेच्या दप्तरात कायमचं लिहिलेलं राहणार की या माणसाने चित्र बिघडवलं. ज्याने आयुष्यात एकही काप वाकडा केला नाही त्याच्याबद्दल!

मी गुरुवारी पालिकेत जाऊन ते बदलायला सांगणार आहे. कुलूपवाला म्हणतो, “वहिनी, नीट बसलेलं कुलूप कशाला खोलताय? निकाल फिरला तर?” फिरला तर फिरला, असं मी म्हटलं. तसं म्हणणं सोपं गेलं, झोप मात्र लागली नाही. तुम्हाला आधी कळवते आहे, मागाहून कळलं असं व्हायला नको.

वहिनी


सोमवार, ७ एप्रिल

भाऊजी,

‘कृपा करून जाऊ नका, मी खोटा ठरेन,’ हे तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. मी गुरुवारीच जाऊन आले होते.

काय झालं ते सांगते. रात्री वाक्यं जुळवली होती. धुतलेली साडी नेसले, निकालाचा कागद घेतला. वाटलं, तो कागद बहुतेक परत द्यावा लागेल, म्हणून एकदा घडी उघडून पाहून घेतला. कारकुनापुढे उभी राहिले.

“अठ्ठावीस तारखेच्या नोंदीत एक चूक आहे. ती दुरुस्त करायची आहे.”

“निकालाविरुद्ध अर्ज आहे का?”

“निकाल काय करायचा तो तुम्ही बघा. पट्टी माझ्या यजमानांनी कापली नव्हती. धाकट्या दिरांनी कापली. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. माझे यजमान गेलेत, त्यांच्या नावावर हे राहू देणार नाही मी.”

त्याने नोंद काढली, बोटाने ओळी उतरत गेला, आणि कागद माझ्याकडे फिरवला. त्यावर असं आहे: ‘चित्राची खालची पट्टी पूर्वीच कापली गेली असल्याचे साक्षीदाराने सांगितले.’

“कोणी कापली?” मी विचारलं.

“ते नाही लिहिलं.”

“का नाही लिहिलं?”

“त्याचा बागेशी काय संबंध?”

माझा आवाज चढला असणार, कारण बागवाले साहेब आतून बाहेर आले. त्यांच्या हातात नवा नकाशा होता. त्यांनी कारंज्याला स्टेशनमागची पडीक जागा शोधली आहे. मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. उलटा पडलेला काप सांगितला, सुरी काढून घेतली ते सांगितलं, तुम्ही साक्षीत काय म्हणालात आणि खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता हा माणूस म्हणणार, मग साक्षच खोटी, बाग परत आणा.

ते शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “बरं.”

“बरं म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या घरातलं आहे ते, बाई. पूल कधीच नव्हता, हे तपासून झालंय. आमचं काम त्यावर झालं. पट्टी कोणीतरी कापली असणारच.” मग नकाशा पुढे केला. “ही जागा कशी वाटते? तुमच्या यजमानांचा बाक इथे, झाडाखाली.”

भाऊजी, मी तशीच बाहेर आले आणि पालिकेच्या पायऱ्यांवर बसले. मला हसू येत होतं आणि कोणाच्या तरी दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. कोणाच्या ते ठरेना. तुमच्या दादांनी ज्यापायी जन्मभर मान खाली घातली, ज्यापायी तुम्ही घर सोडलंत आणि भावाच्या अंत्यविधीला आला नाहीत, ज्यापायी मी घर पणाला लावून निघाले होते, त्यावर जगाचं म्हणणं काय, तर ‘बरं’. लिहून ठेवण्याइतकंही ते कोणाला वाटलं नाही. तुम्ही त्या दिवशी खरं बोलला असतात तरी साहेबांनी तेवढंच म्हटलं असतं आणि फाइलची दोरी बांधली असती. तुम्हाला चहा मिळाला असता.

कुलूपवाला म्हणाला, “चला, सुटलात.” मी सुटले नाही. उलट अडकले. पालिकेत ते बदलून घेतलं असतं तर माझं काम संपलं असतं, तुम्हाला पुन्हा पत्र लिहायची गरज उरली नसती. आता ते बदलायला कुठे जायचं? या गोष्टीचं ज्यांना काही वाटतं अशी दोनच माणसं उरली आहेत. एक मी, एक तुम्ही.

तेव्हा इथे यावं लागेल. ‘मी कापली’ हे मला कार्डावर नको, कुलूपवाल्याच्या फोनवर तर नकोच. समोर बसून, तोंडाने, एकदा. तुमच्या दादांना ऐकू जाणार नाही, हे मला कळतं. मी ऐकेन. तुम्ही बोलत असताना मधे काही बोलणार नाही असं वचन मात्र देत नाही, ते मला जमणार नाही. रडायचं असेल तर रडा, मी तेवढा वेळ खाली दुकानात जाऊन येईन.

आता फार उशीर झाला असं लिहू नका. तो झालाच आहे. आणखी करू नका.

वहिनी